जमादार बाईंची मागं जाणारी गाडी

शनिवारी सकाळच्या शाळेचा शेवटचा तास जमादार बाईंचा असायचा, आणि त्या तासाला आमचा अख्खा वर्ग फळ्याकडे पाठ करून बसायचा. बाई दारातूनच ओरडायच्या, "बाकं फिरवा रे, गाडी मागं जाणार हाय!" मग फरशीवर बाकं ओढल्याचा जो आवाज व्हायचा, तो शाळेबाहेरच्या चहाच्या गाड्यापर्यंत ऐकू जायचा. मधे चालायला वाट ठेवायची. सगळ्यात पुढे ड्रायव्हर बसायचा आणि बाई स्वतः कंडक्टर व्हायच्या.

गाडी इतिहासात जायची. कधी शंभर वर्षं मागे, कधी तीनशे. तिथे कुणीतरी काहीतरी शोधून काढलेलं असायचं आणि आम्ही त्या माणसाला भेटायला निघालेलो असायचो. काळ मागे जातो म्हणून आम्हीही पाठमोरे बसायचं, असा बाईंचा हिशेब.

तिकीट म्हणजे प्रश्न. जिथे जायचं त्या माणसाला विचारायचा एक प्रश्न ज्याच्याकडे असेल, त्यालाच गाडीत जागा. बाई वाटेतून सरकत यायच्या आणि प्रत्येकासमोर हात पसरायच्या, "पावणं, प्रश्न काढा. सुट्टा द्या, माझ्याकडं मोड न्हाई." सुट्टा म्हणजे छोटा, आपला स्वतःचा. पुस्तकातला प्रश्न कुणी विचारला, तर त्या तो उन्हाकडे धरल्यासारखं करून म्हणायच्या, "ही नोट चालणार न्हाई. छापील हाय."

बाई मूळच्या गडहिंग्लजच्या. लग्न करून कोल्हापुरात आलेल्या. यजमानांचं कपडे शिवायचं दुकान होतं. बाई उंच, हाडापेरानं मजबूत. सुती साडी, डोक्यावरून पदर, आणि चष्म्याची एक काडी काळ्या दोऱ्यानं बांधलेली. धडा वाचताना त्यांची भाषा पुस्तकासारखी शुद्ध असायची आणि पुस्तक मिटलं की गडहिंग्लजची. तिकडच्या कानडी वळणानं त्या मुलींना 'तंगी' म्हणायच्या, म्हणजे धाकटी बहीण, आणि मुलांना 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊ. त्यामुळे रागावल्या तरी त्यांचा राग आम्हाला घरचाच वाटायचा.

मुक्काम आला की बाई कपाटातलं करडं घोंगडं खांद्यावर घ्यायच्या आणि बघता बघता तो माणूस व्हायच्या. त्या माणसाचं नाव मात्र आधी सांगायच्या नाहीत. "नाव परत आल्यावर फळ्यावर. आधी माणूस बघा," म्हणायच्या. दुर्बीण आकाशाकडे लावणाऱ्या इटलीतल्या म्हाताऱ्याला कुणीतरी विचारलं, "तुम्हाला मोठ्या लोकांची भीती वाटली नाही?" घोंगड्यातून उत्तर आलं, "वाटली की! गुडघं नुसतं लटलटत होतं. पण दिसलं ते दिसलं." अंधारात चमकणारा धातू शोधणाऱ्या बाईंना मी विचारलं होतं, "तुमच्या घरी स्वयंपाक कोण करायचं?" त्यावर जमादार बाई घोंगड्यासकट हसल्या होत्या. "कधी मी, कधी नवरा, आणि कधी कुणीच न्हाई." एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर घोंगड्यातला शास्त्रज्ञ बिनदिक्कत सांगायचा, "ते मला ठाऊक न्हाई तम्मा. पुढच्या शनिवारी शोधून सांगतो." आणि सांगायचा.

एकदा हेडमास्तर मधेच आत आले. समोर सगळ्या मुलांच्या पाठी, आणि मागच्या भिंतीपाशी घोंगडं पांघरलेल्या बाई.

"हे काय चाललंय?"

"सर, आम्ही आत्ता तीनशे वर्षं मागं हाय. पाच मिनिटांत परत येतो."

आम्ही हसलो, हेडमास्तर हसले नाहीत. पोरं शाळेत एस्टी-एस्टी खेळतात, अशी तक्रार त्यांच्याकडे आली होती. तक्रार करणारे होते आमच्या वर्गातल्या दिलीप चौगुलेचे वडील. ते शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर कामाला होते. आवाज मोठा, राग त्याहून मोठा. आमचं घर त्यांच्या शेजारी असल्यामुळे दिलीपला मार बसला की आम्हाला भिंतीतून कळायचं. हेडमास्तरांनी बाईंना सांगितलं, हा खेळ सहामाहीपर्यंत ठीक आहे, पुढे बंद. बाई एवढंच म्हणाल्या, "पाच दिवस पुस्तक शिकवते, सर. सहाव्या दिवशी ते पुस्तक ज्यांच्यामुळं तयार झालं, त्यांच्याकडं पोरांना नेते. तरी तुमी म्हणाल तसं."

गंमत म्हणजे गाडीचा कायमचा ड्रायव्हर दिलीपच होता. तोंडानं इंजिनाचा असा आवाज काढायचा की चढ आहे का उतार, तेही कळायचं. घाटात गाडी तापली म्हणून तो ती मधेच थांबवायचा, खाली उतरून पाणी ओतल्याचा अभिनय करायचा. सहामाही जवळ आली होती तेव्हाच्या एका शनिवारी मात्र तो ड्रायव्हरच्या जागेवर गेला नाही. कोपऱ्यात जाऊन बसला. एरवी हाफ पँटमध्ये येणारा दिलीप तो आठवडाभर लेंगा घालून येत होता.

"आज ड्रायव्हर रजेवर काय?" बाईंनी विचारलं. त्यानं पाय बाकाखाली ओढून घेतले. दुसऱ्याच कुणीतरी गाडी हाकली.

गाडी फ्रान्सला गेली. पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या माणसाला वाचवता येतं, हे ज्यांनी दाखवलं त्यांच्याकडे. बाईंनी घोंगडं घेतलं आणि सांगायला लागल्या. एक आई आपल्या चावा बसलेल्या मुलाला घेऊन त्यांच्या दारात कशी आली, औषध तोवर माणसाला कधी दिलेलंच नव्हतं, द्यावं तर भीती आणि न द्यावं तर मूल हातचं जाणार. त्या काळजीनं त्यांना झोप कशी लागेना. आम्ही ऐकत होतो आणि कोपऱ्यातून दिलीपचा आवाज आला.

"त्या पोरानं आईला सांगितलंच नसतं तर?"

बाई त्याच्याकडे वळल्या. "तर मला कळलं नसतं. मग मी त्याला औषध कसं दिलं असतं?"

"आणि उशीर झाला असंल तर?"

"किती उशीर?"

"गेल्या रविवारपास्नं," दिलीप म्हणाला, आणि त्याच्या लक्षात आलं आपण काय बोलून बसलो.

बाईंनी घोंगडं खांद्यावरून काढलं नाही, हे मला आजही दिसतं. त्या तशाच त्याच्याजवळ गेल्या, खाली फरशीवर बसल्या आणि त्या म्हाताऱ्याच्याच आवाजात म्हणाल्या, "मी लांबचा माणूस हाय. तुझा बाप न्हाई, मास्तर न्हाई. मी कुणाला मारत न्हाई. मला दाखव."

दिलीपनं लेंगा वर केला. पोटरीवर दातांच्या खुणा होत्या आणि त्यांत चुना आणि तिखट भरलेलं होतं. वडिलांनी बजावलेलं असताना तो पंचगंगेच्या घाटावर पोहायला गेला होता, तिथे कुत्रं चावलं. मार बसेल म्हणून घरी बोलला नाही. चुना-तिखटाचा उपाय मित्रांनी सांगितला. त्याच मित्रांनी नंतर हेही सांगितलं, की ते कुत्रं तोंडाला फेस येऊन मेलं.

त्या दिवशी गाडी परत आलीच नाही आणि फळ्यावर नाव लिहायचंही राहून गेलं. बाईंनी दिलीपला नळाखाली बसवून साबणानं जखम धुतली. चुना निघेपर्यंत घासली. तो ओरडत होता, तरी त्या थांबल्या नाहीत. शिपायाला अडतीवर पाठवलं आणि मला म्हणाल्या, "तंगी, तू त्याच्या शेजारची. चल संगट." आम्ही तिघं रिक्षातून सरकारी दवाखान्यात गेलो. वाटेत दिलीपनं एकदाच तोंड उघडलं. "बाई, मी मरतोय व्हय?"

"या अल्ला, एवढ्या लांबून त्यो म्हातारा तुझ्यासाठी आला, आणि तू मरतोस व्हय?" बाई म्हणाल्या. बोलताना त्यांनी त्याचा हात इतका घट्ट धरला होता की त्यांच्या काचेच्या बांगड्या त्याच्या मनगटात रुतल्या होत्या.

डॉक्टरांनी पाय बघितला. "उशीर केलात. पण वेळ गेलेली नाही," म्हणाले. रोज एक, अशी पोटात चौदा इंजेक्शनं. एवढ्यात दिलीपचे वडील आले. दारातूनच त्यांचा हात उचलला गेला. बाई मधे उभ्या राहिल्या.

"बाई, बाजूला व्हा. पोरगं माझं हाय."

"व्हय की. म्हणूनच वाचवाय पायजे. आज डॉक्टरांचा हात चालू दे, तुमचा न्हाई."

त्यांचा हात खाली आला. मला वाटतं, इंजेक्शनची ती लांब सुई बघूनच तो खाली आला.

पुढे रोज शाळा सुटली की दिलीपची आई त्याला दवाखान्यात न्यायची आणि बाई सोबत जायच्या. तिसऱ्या दिवशी तो रस्त्यातून पळून गेला, तेव्हा बाईंनी भर बाजारात पदर खोचून त्याला गाठलं. मग त्यांनी वेगळी युक्ती काढली. सुई टोचताना कुठे जायचं ते दिलीपनं ठरवायचं. विमान बनवणाऱ्या भावांकडे, की विजेचा दिवा लावणाऱ्याकडे? तो डोळे मिटून इंजिनाचा आवाज काढायचा, चढावर आवाज मोठा व्हायचा, आणि तेवढ्यात सुई आत जाऊन बाहेर यायची. तिथल्या नर्सही शेवटी शेवटी विचारू लागल्या, "आज कुठली गाडी?"

इंजेक्शनं संपली, पण घोर संपला नाही. तीन-चार महिने नीट जायला हवेत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हा रोग झालेला माणूस पाण्याला घाबरतो, हे आम्हाला त्या शनिवारीच कळलेलं होतं. म्हणून बाई रोज सकाळी वर्गात आल्या की आधी माठातलं पाणी पेल्यात घेऊन दिलीपपुढे धरायच्या. तो प्यायचा. आम्ही सगळे त्याच्या गळ्याकडे बघत बसायचो. पेला रिकामा झाला की बाई हजेरी घ्यायच्या. डॉक्टरांनी असं काही सांगितलेलं नव्हतं, हे त्यांनी मला खूप वर्षांनी सांगितलं. "माझ्याच जिवाला बरं वाटायचं गं," म्हणाल्या. त्यांचे यजमान सांगायचे, त्या महिन्यांत बाईंचं जेवण निम्म्यावर आलं होतं.

उन्हं तापायला लागली तेव्हा एका दुपारी बाई त्याला पुन्हा डॉक्टरांना दाखवून आल्या. वर्गात शिरल्या आणि खुर्चीत बसल्या. एरवी शिकवताना त्या कधी बसत नसत. "डॉक्टर म्हणाले, आता काळजी न्हाई," एवढंच बोलल्या आणि पदरानं तोंड पुसत राहिल्या. मग माठाजवळ जाऊन स्वतःच दोन पेले पाणी प्यायल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. का ते नीट कळत नव्हतं, पण छातीवरचं ओझं उतरलं होतं. त्या दिवशी आम्ही घरी चालत गेलो नाही, पळत गेलो. खेळ बंद करण्याचा विषय हेडमास्तरांनी पुन्हा काढला नाही.

बाई गेल्या वर्षी गडहिंग्लजला माहेरी वारल्या. वय झालं होतं, झोपेतच गेल्या. दिलीप आता साठीकडे झुकलाय, दोन नातवंडांचा आजोबा आहे. मातीला आम्ही दोघंही गेलो होतो. परतताना तो म्हणाला, "इंजेक्शनाचं इसरलो बघ. आण्णा शाळेत आलं हुतं, त्येवढं न्हाई इसरत." आण्णा म्हणजे त्याचे वडील.

मलाही तेच आठवतं. डॉक्टरांनी काळजी नाही म्हणून सांगितलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. आम्ही सगळे धास्तावलो. टोपी काढून ते म्हणाले, "बाई, एकच इचारायचं हुतं. ह्येनं तुमास्नी सांगितलं. मला का न्हाई सांगितलं?"

"ते मला कसं ठाऊक?" बाई म्हणाल्या. "त्यालाच विचारा. पण हात खिशात घालून विचारा."

त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं. गुळाच्या ढेपा उचलून उचलून रुंद झालेले ते हात त्यांनी सदऱ्याच्या खिशांत कसेबसे कोंबले, दिलीपच्या बाकापाशी आले आणि वाकले. मोठ्या आवाजाची सवय असलेल्या माणसाला हळू बोलायला किती कष्ट पडतात, ते मी तेव्हा पाहिलं.

"लई दुखलं व्हय रं?"

दिलीपनं आधी नुसती मान हलवली. मग तो अगदी पहिल्यापासून, घाटावर पोहायला गेल्यापासून, वडिलांना सगळं सांगू लागला.