जाण्याच्या वेळेचा कोरा रकाना

"सोफ्याला टेकू नका काका. तिथंच उभे राहा."

साहेबांनी साक्षीचा कागद चपलांच्या कपाटावर ठेवला. मी वाकून सही केली. वकिलाने विचारलं, "वाचता येतं का यांना?"

"सही येते. या लोकांना तेवढं पुरे," साहेब म्हणाले.

मी दहावी पास आहे. सगळं वाचलं होतं.

कोपरखैरण्यातल्या त्या सोसायटीत मी वॉचमन होतो. साहेब तिथले सेक्रेटरी. त्यांना घटस्फोट हवा होता, आणि मॅडमचे बाहेर संबंध आहेत हे सिद्ध करायचं होतं. पुरावा काय, तर गेटवरचं माझं रजिस्टर.

साहेब कामासाठी पुण्यात राहत, तेव्हा संध्याकाळी एक तरुण फ्लॅटवर यायचा. साहेबांच्याच आईला अर्धांगवायू झालेला, तिचा व्यायाम घ्यायला. तासाभरात खाली उतरायचा. "काका, आज आजी दोन पावलं चालली," म्हणायचा.

पण जाण्याची वेळ आम्ही वॉचमन कुणीच लिहीत नाही. येणाऱ्याला अडवायचं, जाणाऱ्याला कोण विचारतो? तो रकाना कायम कोरा. वकिलाने तोच धरला. गेल्याची नोंद नाही, म्हणजे रात्रभर आत.

आजी तोवर वारल्या होत्या. त्या तरुणाचं कोण ऐकणार, आरोपच त्याच्यावर. उरलो मी.

कोर्टात साहेबांच्या वकिलाने विचारलं, "त्याला परत जाताना कधी पाहिलंत?"

"नाही."

एवढंच बोललो. पासष्टीत दुसरी नोकरी कोण देणार होतं? मॅडम समोर होत्या. मी टाइप करणाऱ्या बाईच्या बोटांकडे बघत राहिलो.

घटस्फोट झाला. त्यांची लहान मुलगी बापाकडे गेली.

साहेबांनी गेटवर पेढे वाटले. माझ्या हातावर पेढा ठेवून पाहुण्यांना म्हणाले, "हा आपला साक्षीदार. सांगितलं असतं तर स्वतःच्या बायकोविरुद्धही बोलला असता."

सगळे हसले. माझी बायको लोकांची भांडी घासून माझी पोरं शिकवून गेली. मी पेढा बॉक्समध्ये परत ठेवला. शिट्टी आणि टोपी टेबलावर ठेवली आणि चालत दिघ्याला घरी आलो.

नंतर मॅडमना शोधत गेलो. त्यांनी एकच विचारलं, "काका, तुम्ही तो कागद वाचला नव्हता का?"

"वाचला होता."

त्यांनी दार लावून घेतलं. बरोबर केलं.

त्यांचं अपील चालू आहे. त्यांच्या वकिलाला मी खरं लिहून दिलंय. तो म्हणाला, खोट्या साक्षीचा खटला तुमच्यावरच होईल, आणि मुलगी परत मिळेलच असं नाही. माझा मुलगा म्हणतो, "बाबा, गप बसा ना आता. या वयात आत जाल."

जाईन. पण आधी बोलेन.