हिराबाईंची खरी वाक्यं

हॉस्पिटलात नर्सने विचारलं, "आजी, दुखतंय का?" आणि माझ्या सासूबाई, हिराबाई, डोळे न उघडता म्हणाल्या, "सिव्हियर." नर्स चमकली. मला मात्र ठाऊक होतं, की शब्दामागून आता वाक्य येणार. ते आलंच. "माय हजबंड्स घोरिंग इज सिव्हियर." नर्स हसत बाहेर गेली. खुर्चीवर बसलेल्या सासऱ्यांनी विचारलं, "काय बोलली?" मी म्हटलं, "बाबा, तुमचीच आठवण काढतायत." दुसऱ्या दिवशी सकाळी मी कशेळीला गोदामाच्या ऑफिसात कामावर असताना नवऱ्याचा फोन आला... आई गेल्या.

आज दीड महिना झाला. अंजूरच्या आमच्या घरी लोक येतात, चहा घेतात आणि रडायचं सोडून त्यांची वाक्यं आठवून हसतात. माणसं अशी हसत भेटायला येणारं दुःखातलं घर मी दुसरं पाहिलेलं नाही.

मी भिवंडी शहरातली, बी.ए. झालेली. लग्नानंतर गावातल्या पोरींना संध्याकाळी पुढच्या हॉलमध्ये इंग्रजी शिकवू लागले. शेतांची गोदामं झाली होती आणि गोदामांच्या ऑफिसात इंग्रजी येणाऱ्या मुली लागत होत्या. माझी पद्धत साधी. शब्दाचा मराठी अर्थ सांगायचा नाही, सोप्या इंग्रजीत व्याख्या सांगायची आणि मग प्रत्येकीने आपलं एक वाक्य करायचं. सासूबाई पहिल्या दिवशी आल्या, त्या पोरी सोफ्यावर पाय घेऊन बसतात का ते बघायला. त्यांचं शिक्षण मराठी चौथी. 'ग्रीडी' शब्द चालला होता. गरजेपेक्षा जास्त हवं असणारा, अशी व्याख्या मी सांगितली. पोरी नेहमीप्रमाणे 'द फॉक्स इज ग्रीडी' म्हणू लागल्या. आई मध्येच म्हणाल्या, "कोल्हा कुनी बघलाय? खोटा वाक्य ध्यानात कसा रेल?" मग इंग्रजी शब्द मला विचारत विचारत त्यांनी वाक्य रचलं, "माय दीर बबन इज ग्रीडी. ही ईट्स माय कोलंबी, अँड पुट्स सालं इन माय प्लेट."

त्या दिवसापासून आमच्या वर्गात कोल्हा, राजा आणि 'राम इज अ गुड बॉय' बंद झाले. वाक्य खरं पाहिजे, हा आईंचा कायदा. पोरी खूश. पण पोरी घरी जाऊन अभ्यास मोठ्याने म्हणत, त्यामुळे आठवडाभरात बबनकाका दारात उभे.

"वयनी, इंग्रजीत माजा नाव काढलास म्हनं?"

"काढला. मराठीत हायस तसाच इंग्रजीत हायस."

"मंग एकांदा चांगला पन वाक्य कर की!"

आई विचारात पडल्या. न्यायी बाई होत्या. दुसऱ्या दिवशी 'हेल्पफुल' शब्द आला तेव्हा त्यांनी आवर्जून काकांना बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बबन इज हेल्पफुल, व्हेन ही इज स्लीपिंग." काकांना 'बबन' आणि 'हेल्पफुल' एवढंच कळलं. ते पोरींना पेढे वाटून गेले.

मला कशेळीच्या ऑफिसातून नोकरी आली तेव्हा मात्र घरात हसण्यासारखं काही उरलं नाही. सासरे म्हणाले, "आपल्या जमिनीवर लोकांची गोदामा हायत, आन आपली सून दुसऱ्याच्या गोदामात ड्युटी करनार? लोका काय बोलतील?" नवरा आईबापांच्या मध्ये पडत नसे.  ऑफिसला नकार कळवायचा, असं मी मनातल्या मनात ठरवलंही.

आई भाताचं पातेलं घेऊन आल्या, ते खाली न ठेवताच सासऱ्यांसमोर उभ्या राहिल्या. त्याच आठवड्यात मी 'अनलेस' शिकवला होता. "अनलेस शी गो जॉब," त्या एकेक शब्द तोलत म्हणाल्या, "नो राइस."

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. "राइसचा काय?"

मी पातेल्याकडे बोट दाखवलं. म्हटलं, "आई म्हणतात, मी नोकरीला गेले तरी भात त्याच करतील."

सासऱ्यांनी एकदा पातेल्याकडे बघितलं. "भात व्हनार असंल तर जाऊ दे तिला," म्हणाले आणि ताट पुढे ओढलं.

आईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "बाय, चुकीचा अर्थ सांगलास." मी म्हटलं, "आई, काम झालं ना?" त्यांना ते पटलं नाही. वाक्य खरं पाहिजे! सोमवारी मी रिक्षात बसून कामाला निघाले आणि त्यांनी सासऱ्यांना खरा अर्थ ऐकवला, की सून नोकरीला गेली नाही तर भात नाही. सासरे माझ्याशी काही दिवस बोलले नाहीत. आईंशी मात्र कडाकडा भांडले, मराठीत. त्या उलट बोलत होत्या इंग्रजीत. शेजारपाजारचे लोक ऐकायला कुंपणाशी आले होते, असं नंतर कळलं.

गेल्या सोमवारी मी वर्ग पुन्हा सुरू केला.  'क्वारल' शब्द घेतला, व्याख्या सांगितली, की ओळखीच्या दोन माणसांनी एकमेकांशी रागाने बोलणं. वाक्याला कुणाचाच हात वर होईना. सवयीने सगळ्यांचे डोळे मधल्या दाराकडे गेले. तिथे सासरे उभे होते. वर्गात ते कधी पाऊल टाकत नसत. आत आले, शेवटच्या खुर्चीवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मी करतो वाक्य," म्हणाले. "घरात... आता क्वारल न्हाय."

कुणी हसलं नाही. मी फळ्याकडे वळले आणि ते वाक्य लिहायला खडू उचलला. पाठीमागे ते शेजारच्या पोरीकडे पेन मागत होते.

"स्पेलिंग हळू सांग, बाय," ते मला म्हणाले. "मना लिवायचा हाय."