आडतीच्या काट्यावरची सून

बातमी चार ओळींत छापून होते. तिच्यामागचा संताप आणि गंमत माझ्या वहीच्या मागच्या पानांवर साचत जाते. बीड जिल्ह्यात तीस वर्षं बातमीदारी करतोय. पुढाऱ्यांवर वह्या भरल्या. पण सगळ्यांत जाड वही भरली ती गरोदर बायकांच्या उलट्यांवर. हसू नका! घोटभर पाणी पोटात टिकत नाही, बाई उठून उभी राहू शकत नाही, आणि आपण म्हणतो, 'डोहाळे लागलेत'!

*

पहिली बातमी तावातावानं लिहून पाठवली. सकाळी पेपर उघडला, तर ती महिलांच्या पानावर, मसालेभाताच्या कृतीशेजारी!

डेस्कला फोन लावला. "अहो, जिला फोडणीच्या वासानं भोवळ येते, तिची बातमी फोडणीला टाकलीत?"

पलीकडून शांत आवाज, "सर, बायकांचा विषय ना... दुसरं पान कुठलं?"

दुसरी बातमी मी स्वतः जाऊन पहिल्या पानावर बसवून आलो. भांडून!

*

ती बातमी वाचून आरोग्य खात्याच्या आशाताई, नूरआपा, मला कडा गावाजवळच्या एका वस्तीवर घेऊन गेल्या. सुनीताला तिसरा महिना. भिंतीला टेकलेली, डोळे खोल गेलेले, ओठांची सालं निघालेली.

सासू, कौसाबाई, दारातच आडवी आलेली. "आमी आठ लेकरं काढली. उलट्या करत करत खुरपलं. हिचंच कावून येवढं कौतुक?"

नूरआपा वाद घालत नाहीत. "मावशी, नुसतं वजन करू."

उपकेंद्राचा काटा बिघडलेला. मग सुनीताला आडत दुकानात नेलं, तुरीच्या पोत्यांशेजारी काट्यावर बसवलं. हमालांनी माना फिरवल्या. आठ दिवसांनी पुन्हा तोललं. तीन किलो कमी!

कौसाबाईचा कागदावर विश्वास नाही, पण आडतीच्या काट्यापुढं तिची हयात गेलेली. ती आकड्याकडं बघतच राहिली. "आठ दिसात तीन किलो? तुरीत येवढी तूट आली तर मी आडत्याची गचांडी धरते!"

"मग आता कुणाची धरायची, मावशी?"

कौसाबाई लेकावर ओरडली, "बघत काय उभा राहिला बे? गाडी काढ!"

*

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, "डोहाळे आहेत. लिंबू चाटा, घरी जा."

नूरआपांनी दोन पावत्या टेबलावर ठेवल्या.

"ही तर आडतीची पावती!" मालाच्या रकान्यात मुनिमानं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'सून'. डॉक्टर खो-खो हसले. मग त्यांनी दोन्ही आकडे वाचले, आणि हसू थांबलं.

मी वही उघडून उभाच होतो.

"तुम्ही काय लिहिताय?"

"अजून काही नाही. तुम्ही काय करता ते बघून लिहीन!"

पंधरा मिनिटांत सलाईन लागलं. सुनीता तिथं आठ दिवस राहिली, घोट घोट पाणी पचवून घरी गेली.

डॉक्टर माणूस मात्र दिलदार निघाला. महिन्याभरात त्यानं उपकेंद्राला नवा काटा मिळवून दिला, दवाखान्यात स्वयंपाकघरापासून लांबच्या खिडकीशी दोन खाटा अशा बायकांसाठी ठेवल्या आणि सगळ्या आशाताईंना बजावलं, "उलटीवाली बाई परत पाठवली, तर आधी मला सांगायचं."

*

सातव्या महिन्यात डोहाळजेवण. सुनीता आता भाकरी खात होती, पण वास अजून सोसत नव्हता. कौसाबाईनं भज्यांची कढई थेट शेतात नेली. गजरे बंद! स्वतः दारात उभी राहून येणाऱ्या एकेका बाईला हुंगून आत सोडत होती.

डॉक्टर आले. कौसाबाईनं हुंगलं.

"सायेब, सेंट मारलाय?"

"थोडासा..."

"मग वसरीतच बसा."

अख्खं डोहाळजेवण डॉक्टरांनी ओसरीत बसून बघितलं!

*

सुनीताला मुलगी झाली. आडतीच्या हमालांनी हट्टानं तिचंही वजन केलं आणि पेढे वाटले.

तेव्हापासून कौसाबाई नूरआपांबरोबर वस्त्या फिरते. परवा मीही गेलो होतो. एका घरात सून जमिनीवर पडलेली, आणि सासू दारात आडवी. "आमी न्हाई का काढली लेकरं? तुमी किती काढली, सांगा की!"

"आठ," कौसाबाई म्हणाली.

"मग?"

"पोटात राहिली व्हती नऊ. पहिलं असंच उलट्यात गेलं." आणि तिनं सासूला बाजूला सारून आत पाऊल टाकलं. "लेकाला सांग, गाडी काढ."