धुळाजीचं पोट आणि कच्चा पाला

नांदूरघाटच्या शिवारात कुणाची मेंढी फुगली की पहिला सांगावा जातो तो धुळाजीला. पोटावर दोन टिचक्या मारून सांगतो, ही जगेल, नाहीतर, हिची आशा सोडा. जनावराच्या पोटाचा त्याच्याएवढा जाणकार चार गावांत नाही. स्वतःच्या पोटाचं मात्र त्याला ओ की ठो कळत नव्हतं. हे मी, त्याच्या शेजाऱ्यानं, त्याच्या तोंडावर सांगितलंय.

वर्षभर मुरडा, हगवण. माळावर घटकेघटकेला बाभळीचा आडोसा शोधायचा, अन् तेवढ्यात मेंढरं लोकांच्या तुरीत. भांडणं मिटवायला मी. शेवटी पोरगा सोमनाथ म्हणाला, खांड, सगळी मेंढरं विकून टाकू, महिन्याभरात व्यापारी बघायला येतोय. धुळाजीचं तोंड असं झालं, जणू त्यालाच बाजारात उभा केलाय.

मी त्याला धरून बीडला नेलं. डॉक्टर म्हणाले, आतडं नाजूक झालंय. तिखट बंद, पालेभाजी खा. कोवळी पानं, देठ काढून, मऊ शिजवून, थोडी. पण ‘पालेभाजी’नंतर या बाबाचे कानच मिटले. पाला तो पाला, त्याला चूल कशाला? पाथरी, घोळ, मेथी, सगळं मुठीमुठीनं कच्चंच हाणलं. दोन दिवसांत पोटाचा ढोल, अन् डॉक्टरला शिव्या. मलाही दोन दिल्या. मी चार परत केल्या.

त्याची बायको चतुराबाई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली,

"सकाळचा ओला चारा मेंढरापुढं टाकता का?"

"येडी हाय का? फुगून मरतील."

"तो सुकवून, थोडाथोडा देता. मंग सोताला कामून उकिरड्यावानी भरता?"

माझ्या तासभराच्या भाषणानं जे झालं नव्हतं ते झालं. धुळाजीनं हातातली कच्ची मेथी चुलीकडं सरकवली.

त्या दिवसापासून चाकवत, तांदुळजा, देठं खुडून, मऊ शिजवून, नुसत्या मिठाचा. आधी दोन घास, मग अर्धी वाटी. रोज सकाळी स्वतःच्याच पोटावर टिचक्या मारून ऐकायचा. कुणी हसलं की दगड उचलायचा.

व्यापारी आला तेव्हा धुळाजी खांड घेऊन पहाटेच गेलता. चतुराबाईनं पाहुण्याला तीच भाजी वाढली. त्यानं ठेचा मागितला. आमच्यात चालत न्हाई, म्हणाली. तो दोन घासांत उठला, अन् सोमनाथच्या फोनवरून धुळाजीला विचारलं, मेंढरं दाखवता कधी?

"चरायलेत," धुळाजी म्हणाला. "अन् मी बी चालायलो, बाभळीचा आडोसा न लागता. तुमी जावा आता."