बॉल ज्यानं मारला, त्यानं आणाचा

फोन वहिनींचा होता, अकोल्याहून. "भाऊजी, हे तुमच्याकडंच हायेत ना?" अविनाश माझ्याकडे नव्हता. आलाही नव्हता, येणार असल्याचं मला कळवलंही नव्हतं. पण घरी मात्र 'अमरावतीले चाललो, दोन दिवस लागतीन' असं सांगून तो निघाला होता. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली आणि त्याला फोन लावत बसलो. रिंग जात होती, उचलत कोणी नव्हतं. संध्याकाळी तो एका परक्या माणसानं उचलला. तो मोडक्या हिंदीत बोलत होता आणि मागे लाटांचा आवाज येत होता. तो आवाज मी लगेच ओळखला… पुढचं त्यानं सांगितलं, अविनाश पाण्यात सापडला होता.

ज्या समुद्रावर तो गेला, तिथेच आमची ओळख झाली होती. मी मूळचा तिवस्याचा. बँकेच्या नोकरीत माझी बदली विशाखापट्टणमला झाली होती. भाषा येईना, जेवण जाईना, म्हणून भल्या सकाळी मी समुद्राकाठच्या रस्त्यावर फिरायला जायचो. त्या वेळी तिथे गाड्या बंद असत. बंदरावरच्या कंपन्यांतली काही पोरंसोरं, काही बापे पायांत चाकाचे स्केट्स घालून हॉकी खेळत. एके दिवशी त्यांतला एक आडदांड गडी घसरत आला तो थेट माझ्या पायाशी आपटला आणि कण्हला, "माय वो…" आठ महिन्यांनी कानावर पडलेला तो पहिला आपला शब्द. मी विचारलं, कुठचे तुम्ही? तो तसाच जमिनीवर बसून म्हणाला, बार्शीटाकळी. त्याच आठवड्यात त्यानं माझ्याही पायांत स्केट्स चढवले. दोन वऱ्हाडी समुद्राकाठी चाकांवर धडपडताहेत हे आमच्या गावाकडच्यांनी पाहिलं असतं, तर हसून हसून मेले असते.

खेळाला ना पंच होता ना शिट्टी. पायातल्या चपला ठेवून गोल आखायचे. नियम एकच होता आणि तो अविनाशनं केलेला: बॉल कठड्यापलीकडे वाळूत किंवा पाण्यात गेला, तर ज्यानं मारला त्यानं आणायचा. सगळ्यात जास्त बॉल अर्थात तोच घालवायचा. बाकीचे स्केट्स काढून अनवाणी खाली जात. हा मात्र चाकांसकट वाळूत उतरायचा, गुडघे वर उचलत, चिखलातल्या बगळ्यासारखा. आणि हातातल्या स्टिकनं लाटेतला बॉल ओढून आणायचा. चाकांत वाळू जाऊन बेअरिंग खराब व्हायचे, मग रविवारभर रॉकेलमध्ये धुवत बसायचा. मी किती वेळा ओरडलो असेन. त्याचं उत्तर ठरलेलं, "काढ-घाल कराले टाइम लागते. तवरिक बॉल जाते पार तिकडं."

पुढे माझी बदली अमरावतीला झाली. वडील आजारी पडले म्हणून त्यानंही ती नोकरी सोडली आणि अकोल्यात मोटारपंपांचं दुकान टाकलं. लग्न झालं, मुलगी झाली, दुकान छान चाललं. खेळ सुटला असं मी धरूनच चाललो होतो. एक दिवस त्याचा फोन आला, ये म्हणे, ग्राउंड सापडलं. पाहतो तर शहराबाहेरच्या एका जिनिंगचं आवार. हंगामात तिथे कापसाचे डोंगर लागतात, पण कापूस संपला की तो अख्खा सिमेंटचा ओटा रिकामा. मालक त्याचा गिऱ्हाईक. मग होळी झाली की दर रविवारी मी पहाटेच्या गाडीनं अकोल्याला जाऊ लागलो. दोन शिक्षक, एक होमिओपॅथ, एक किराणावाला, सगळे पोट सुटलेले. गोलाला तेलाचे रिकामे पिपे. आवाराच्या पूर्वेकडच्या भिंतीपलीकडे तुरीचं वावर होतं, त्याला त्यानं समुद्र म्हणायचं ठरवलं. बॉल पलीकडे गेला की सगळे ओरडत, गेला समुद्रात! आणि हा स्केट्ससकट भिंत चढून उतरायचा, मोजे भरून गोखरूचे काटे घेऊन परत यायचा. लोक त्याला हसत. या वयात काय हे लेकरासारखं, असं नातेवाईक तोंडावर म्हणत. अशा वेळी तो नुसता हसायचा. वहिनींनाही ते आवडत नसे, पण त्या बोलत नसत.

गेल्या वर्षी ते जिनिंग विकलं गेलं आणि तिथे प्लॉट पडले. आम्ही दुसरी जागा शोधली, पण मनासारखी मिळाली नाही आणि खरं सांगायचं तर बाकीचे सुटलोच म्हणाले. अविनाश तेव्हापासून गप्प झाला. दुकानात बसायचा, हिशेबाचं बोलायचा, पण पूर्वीचा थट्टेखोर माणूस त्यात दिसेना. मला वाटलं, वय झालं, होतं असं.

मी आणि वहिनींचा भाऊ त्याला आणायला विशाखापट्टणमला गेलो. चहावाली एक बाई होती, तिनं त्याला सकाळी एकट्यालाच कठड्यावर बॉल मारताना पाहिलं होतं. नंतर ती स्टोव्ह पेटवण्यात गुंतली. वर पाहिलं तेव्हा कठड्यावर मोबाइल, चष्मा आणि पिशवी होती, तो नव्हता. तो सापडला तेव्हा पायांत स्केट्स होते, नाड्या घट्ट बांधलेल्या. तिथला हवालदार म्हणाला की पायांत एवढं ओझं बांधून कोणी चुकून पाण्यात जात नसतं. हे वाक्य आमच्या आधी अकोल्याला पोचलं. तेरवीपर्यंत तर प्रत्येकाकडे त्याचं कारण तयार होतं. कोणी म्हणे दुकानात खोट आली असेल, कोणी म्हणे घरात काही असेल… आणि असं म्हणताना वहिनींकडे पाहत. मला त्या माणसांची चीड आली. अविनाशचीही आली. माझं नाव सांगून निघालास, मग मला बोलावलं का नाहीस?

महिन्याभरानं मी पुन्हा अकोल्याला गेलो. पाऊस होता. सवयीनं छत्री दाराआडच्या कोपऱ्यात टेकवली आणि बसलो. पोलिसांनी दिलेले स्केट्स वहिनींनी वर्तमानपत्रावर ठेवले होते. चाक फिरवून पाहिलं, वाळूनं गच्च धरलेलं. मुलगी चहा ठेवून आत गेली तेव्हा वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, खरं सांगा. हे खेळाले गेलते का…" मी त्यांना तो नियम सांगितला, त्याचं चाकांसकट वाळूत जाणं सांगितलं, तुरीच्या वावरातलं गोखरू सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमी मले बरं वाटावं म्हणून सांगून राहिले."

माझ्याही मनात ती शंका होती. कारण तो गप्प झालेला मीही पाहिला होता. मी उगाच इकडेतिकडे पाहत होतो तर छत्री दिसली, कोपऱ्यात पाणी गाळत उभी. तिच्यामागे भिंतीवर काळा पट्टा होता. त्या जागी त्याची स्टिक असायची, वर्षानुवर्षं. मुठीच्या काळ्या टेपनं भिंत डागाळली होती. मी विचारलं, स्टिक कुठे आहे? वहिनी म्हणाल्या, नेली होती त्यांनी, पिशवीबरोबर परत आली नाही. कठड्यावरच्या वस्तूंत चहावालीनंही ती सांगितली नव्हती, हे मला पक्कं आठवत होतं. मोबाइल, चष्मा तसाच राहिला, मग कोणी ती जुनीपुराणी काठी कशाला उचलेल? वहिनी उठून त्या डागापाशी गेल्या. मग म्हणाल्या, "मराले जाणारा माणूस हातात काठी कायले नेईन, भाऊजी?"

मी नाही म्हणून मान हलवली. तेव्हा त्या पहिल्यांदा रडल्या, आणि रडता रडता त्याच्यावर चिडल्या, की बॉलच हवा होता तर दुकानातून दहा आणून दिले असते, त्याच्यासाठी कोणी एवढ्या पाण्यात जातं का. मी ऐकत होतो. माझाही राग तोच होता. त्यानं घरी खोटं का सांगितलं याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही, आणि आता मिळणारही नाही. हसतील म्हणून असेल. आम्ही सगळेच तर हसत होतो.

निघताना वहिनींनी माझी छत्री उचलून हातात दिली. कोपऱ्यात साचलेलं पाणी पदरानं टिपलं, भिंतीचा डाग मात्र पुसला नाही. म्हणाल्या, "इथं आता काही ठेवत जाऊ नका."