गयाबाईंचं स्टूल

मांजरसुंब्याच्या फाट्यावरच्या माझ्या दवाखान्यात मी एकदा अक्कल पाजळली आणि दारावर बसून रांग लावणाऱ्या गयाबाईंना उचलून औषधांच्या खोलीत बसवलं. तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्या सुनेचा फोन आला, "आत्याबाई गेल्या..." तेव्हा आधी मला तेच आठवलं. तेव्हापासून खुर्चीत बूड टिकत नाही.

त्यांना दारावरून उठवलं त्या वर्षी दुष्काळ होता. मी पुण्याला डॉक्टरांच्या व्यवस्थापन शिबिराला जाऊन आलो होतो. बगलेत जाडजूड फाइल आणि डोक्यात शिस्त. आल्याआल्या नंबराचं यंत्र बसवलं. जो आधी येईल तो आधी. गयाबाई एवढंच म्हणाल्या, "बसवा. मी हाय आतच." आठवडाभरात दहाच्या सुमाराला बाकं रिकामी व्हायला लागली. मला वाटलं, माझा कामाचा वेग वाढला! शिबिरातल्या एका मित्राला फोन करून फुशारकीही मारली.

मग एका सकाळी पालीची एक बाई तापलेली पोर कडेवर घेऊन आली. नंबर एकतीस. धरणाजवळचं गाव, पण तिथंही पाणी टँकरचंच. त्याची वेळ झाली तशी ती नंबराचा कागद बाकावर ठेवून उठली. गयाबाईंनी खिडकीतून पाहिलं, गोळ्यांची बरणी उघडी टाकून त्या फाट्यापर्यंत धावल्या आणि जीपमध्ये चढलेल्या बाईला पोरीसकट उतरवून घेऊन आल्या. पोरीचा श्वास बघून मी नंबर बाजूला ठेवून तिला आधी टेबलावर घेतलं... आणखी दोन तास गेले असते तर ती हाती लागली नसती.

पोर सावरल्यावर गयाबाई म्हणाल्या, "तुमचं यंत्र पाणी भरायला जातंय का पालीला?" तेव्हा कळलं, दहाला बाकं का रिकामी व्हायची. कुठल्या गावाला टँकर कधी येतो हे त्यांना पाठ होतं आणि त्यावरच त्या रांग लावायच्या. माझ्याकडे येण्याआधी गयाबाई गावच्या दूध सोसायटीत दूध घ्यायला होत्या. आधीच्या एका दुष्काळात ती बंद पडली. "लांबून आलेलं दूध आदी घ्यायचं, साहेब. ते नासतंय. जवळचं थांबतंय." फाइलीत हे कुठंच नव्हतं. यंत्र माळ्यावर गेलं, गयाबाई दारावर आल्या. 'चुकलो' असं मात्र मी त्यांना तोंडानं कधी म्हणालो नाही... मालक ना मी!

त्यांचं स्टूल अजून दारातच आहे. कुणाला बसवावं सुचेना, म्हणून परवा मीच बसलो. एका म्हाताऱ्याला आत सोडलं, एकीला थांबवलं, आणि दोघांचं भांडण लावून दिलं. तीच पालीची बाई, आता त्या पोरीचं बाळ मांडीवर घेऊन, बराच वेळ माझ्याकडे बघत होती.

"उठा डाक्टर तितनं," ती म्हणाली. "तुमाला न्हाई जमायचं. आत जाऊन सुया टोचा."