पोळ्याआधी बदलायच्या डिस्का

आमच्या पिकअपचे ब्रेक लागत नव्हते असं कोणी म्हणू नये. ते उत्तम लागायचे. फक्त लागताना दवंडी पिटायचे. जरा वेगात असताना ब्रेक दाबला की आधी स्टिअरिंग थरथरायचं, मग डॅशबोर्ड, मग दाराच्या काचा आणि शेवटी डावीकडे बसलेली माझी बायको. यांतल्या पहिल्या तिघांना बोलता येत नव्हतं.

गेल्या पोळ्याला मुकुटबनहून, म्हणजे तिच्या माहेराहून, आम्ही यवतमाळला परत येत होतो. पांढरकवड्याच्या अलीकडे एका उतारावर मी ब्रेक दाबला आणि तिच्या मांडीवरच्या डब्यातली कढी तिच्या नव्या लुगड्यावर आली.

"थांबवा," ती म्हणाली.

मला वाटलं, लुगडं पुसायला थांबायचं असेल. ती डबा घेऊन खाली उतरली, दार नीट लावलं आणि खिडकीतून म्हणाली, "तुमच्या गाडीले हिव भरून राह्यलं. बरी झाली का सांगजा. तोवर मी एसटीनंच फिरीन."

मागून आलेल्या एसटीला तिनं हात केला आणि ती माझ्या आधी घरी पोचली.

पुढचे बारा महिने ती शब्दाला जागली. मीही जागलो, म्हणजे काहीच केलं नाही. सोयाबीन, कापूस, तूर, सगळा माल त्याच थरथरत्या गाडीतून गेला. मालाची तक्रार नव्हती. पण पुन्हा पोळा आठवड्यावर आला आणि मला सासुरवाडीचं दृश्य दिसू लागलं. लेक एसटीतून उतरते आहे आणि तिच्यामागून जावई रिकामी पिकअप घेऊन येतो आहे. त्या गावात एवढ्या ऐवजावर लोकांचं दिवाळीपर्यंत भागलं असतं. तिला पुढच्या सीटवर बसवूनच गावात शिरायचं, असं मी ठरवलं.

इथे माझ्या मेहुण्याबद्दल सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी त्यानं शेवटची बैलजोडी विकली. नांगरणी-वखरणी आता भाड्याच्या ट्रॅक्टरनं होते. पण पोळा सोडायला तो तयार नव्हता. ट्रॅक्टर दुसऱ्याचा, तेव्हा घरचा बैल म्हणून त्यानं माझी पिकअप निवडली. आदल्या दिवशी मी यवतमाळलाच तिच्या बॉनेटला हळद-तूप चोळायचं. पोळ्याला गावाआधीच्या नाल्यात तिला आंघोळ घालायची, चाकांना गेरू लावायचा, पाठीवर झूल टाकायची आणि तोरणाखाली बैलांच्या रांगेत शेवटी उभी करायची. मला समारंभांची ॲलर्जी आहे. पहिल्या वर्षी मी विरोध करणार होतो, पण बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि मी संस्कृतीचा पुरस्कर्ता झालो.

त्या पहिल्या वर्षीची आंघोळ मला चांगली आठवते. जंगलातला लांब उतार संपतो तिथेच तो नाला आहे. मी उतरून आलो तो मेहुण्यानं तशीच गाडी पाण्यात घ्यायला लावली. चाकं बुडाली तसा चर्रर्र आवाज झाला आणि दोन्ही बाजूंनी वाफ उठली. काठावरची मंडळी टाळ्या वाजवू लागली. मेहुणा ओरडला, "पाहा बे, कसा फुरफुरून राह्यला!" मलाही, खरं सांगतो, बरं वाटलं. आपला बैल फुरफुरला म्हणजे काय कमी आहे?

तर यंदाच्या संकटात मी आधी मेहुण्यालाच फोन केला. त्याच्याकडे उत्तर तयार होतं.

"भाऊजी, भोकाच्या डिस्का टाका!"

डिस्क म्हणजे पुढच्या चाकाआडची लोखंडी थाळी. ब्रेक दाबला की पॅड तिला दोन्हीकडून चिमटीत धरतात. मेहुणा ज्या डिस्का म्हणत होता त्यांना सगळीकडून भोकं पाडलेली असतात, वर तिरप्या खाचा. त्यानं मला व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली. कुठल्या तरी बर्फाळ देशात एक पिकअप डोंगरावरून खाली येते, चाकं मंद गतीनं फिरतात, मागे युद्धाला शोभेल असं संगीत. निवेदकाचा आवाज असा, की ब्रेक लागत नसून राज्याभिषेकच चालला आहे.

आडंबर मला दुरून ओळखू येतं अशी माझी समजूत आहे. तरी सांगायला लाज वाटते, तिसऱ्या व्हिडिओनंतर मी विरघळलो. भोकांतून उष्णता निघून जाते, खाचांतून धूळ आणि पाणी. पटण्यासारखं होतं. शिवाय बायकोला दाखवायला काहीतरी दिसणारं मिळालं असतं. साधी डिस्क बदलली तर ती पाहून म्हणणार, तीच तर आहे.

लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचे मिस्त्री बसतात. वयानं मोठे आहेत, म्हणून सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी फोन पुढे केला. त्यांनी चष्मा वर करून पूर्ण व्हिडिओ पाहिला, संगीतासकट.

"गाडी तं मस्त हाये," ते म्हणाले. "पन हे बरफ आपल्याकडं कुठं पडते?"

"चाचा, डिस्कबद्दल विचारतोय मी."

"डिस्कचंच सांगतो. चाक तं खोलू द्या आधी."

त्यांनी जॅक लावला, चाक काढलं, एक स्क्रूड्रायव्हर डिस्कला जेमतेम लागेल असा धरला आणि डिस्क हातानं फिरवली. अर्ध्या फेरीत तो घासत होता, अर्ध्या फेरीत मधून उजेड दिसत होता. म्हणजे डिस्क सरळ राहिली नव्हती, नाल्यावरच्या जुन्या पत्र्यासारखी वाकली होती. वर निळे डाग पडले होते.

"परसालच्या आधी मीच लेथवर सरळ करून देल्ल्या होत्या ना ह्या?"

"हो. वर्षभर छान चालल्या. मग पोळ्याहून येताना पुन्हा थरथर."

"आन त्याच्या आधी?"

मी आठवून पाहिलं. "तेव्हाही पोळ्यानंतरच."

चाचांनी चाकाच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोटाला बारीक रेती होती आणि गेरू.

"काय हो भाऊ, गाडी नाल्यात घालता काय?"

मी सगळं सांगितलं. उतार, आंघोळ, वाफ. फुरफुरण्यापर्यंत आलो तेव्हा त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि पोट धरून हसले.

"अल्ला! भाऊ, लाल तवा चुलीवरून काढून कोनी पान्यात टाकते काय? वाकन नाही तं काय करन तो! आन मी समजून राह्यलो का माल खराब होता."

"मग भोकाच्या डिस्का घेऊ की नको?"

"रेसच्या गाडीले घ्या. तिथं दर मोडीवर ब्रेक हानते. एखादा रोज भरलेली गाडी घेऊन मोठा घाट उतरत असन, तं त्याले खाचेच्या कामी पडतीन, मी नाही म्हनत नाही. तुमचा ब्रेक म्हैन्यातून चारदा तापते. आन भोकाची डिस्क अशी गरमागरम नाल्यात घातली, तं ते वाकनार नाही, भोकापासून तडकन. दिसायसाठी पाहिजे असन तं आताच बसवून देतो. मंग ब्रेकसाठी घेतली म्हनू नका."

इतकं स्वच्छ मत मी पुस्तकांच्या परीक्षणांतही वाचलेलं नाही. आम्ही चांगल्या कंपनीच्या साध्या डिस्का टाकल्या, पॅड नवे, ब्रेक ऑइल नवं. "उतारावर गिअर खाली टाका, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका," चाचा म्हणाले. "आन बैलाले आंघोळ घालाच. पन थंडा झाल्यावर."

बायकोला मी गावाबाहेर एक फेरी मारून आणली. ती काहीच बोलली नाही. आमच्याकडे याला मंजुरी म्हणतात. पण पोळ्याच्या सकाळी गाडीत बसताना तिनं अट घातली, "येतानी जर हालली, तं पुन्हा मले म्हनू नका."

म्हणजे सारा निकाल त्या नाल्यावर होता.

उतार संपला तसा मेहुणा दिसला. गुडघाभर पाण्यात, हातात खराटा, काठावर दहा-बारा नातेवाईक आणि डफडं. तो दोन्ही हातांनी बोलवत होता. मी अलीकडेच गाडी थांबवली.

"या ना भाऊजी! घाला पान्यात!"

मी खाली उतरून त्याला समजावलं. लोखंड तापतं, एकदम थंड झालं की वाकतं. मी नीट, मुद्देसूद बोललो. म्हणजे कोणालाच पटलं नाही.

"दोन वर्सं घातली, काय झालं?"

"दोनदा डिस्का गेल्या."

"साध्या होत्या म्हनून गेल्या. म्हनून तं म्हनत होतो, भोकाच्या घ्या!"

काठावर माना डोलल्या. एक म्हातारे म्हणाले, "तोरनाले उशीर होते, जवाईबापू." डफडंही वाजायला लागलं. मी चावी हातात घेऊन उभा होतो आणि मला पांढरकवड्याच्या अलीकडे थांबलेली एसटी दिसत होती.

तेवढ्यात बायकोनं काच खाली केली.

"काहून रे," ती भावाला म्हणाली, "आपला पांढरा वखराहून सोडला, का लगेच नाल्यात नेत होता तू?"

"नाई."

"काहून?"

"घामेजला राह्यते ना बाई तो. आखडते मंग. सावलीत बांधा लागते आधी."

"मंग हा काय यवतमाळाहून एसटीत बसून आला?"

डफडं थांबलं. मेहुण्यानं गाडीकडे पाहिलं, मागच्या उताराकडे पाहिलं, खराटा खाली ठेवला. मग पाण्यातून बाहेर येऊन त्यानं चाकाजवळ हात नेला आणि चटकन मागे घेतला.

"अबे, अंग तापलं ना याचं!" तो काठावरच्यांवर ओरडला. "उभे काय राह्यले? सावलीत घ्या त्याले!"

पळसाखाली गाडी उभी झाली, चाकांमागे दगड लागले. आम्ही सगळे गवतावर बसलो. कोणी चिवडा काढला, कोणी तंबाखू. मेहुणा दर पाच मिनिटांनी उठून चाकाला हात लावून यायचा आणि ताप उतरल्याची बातमी द्यायचा. चाचांनी तव्याचा दाखला दिला होता, मी धातुशास्त्राचा. दोघांनाही जे जमलं नाही ते विकलेल्या बैलानं केलं.

तासाभरानं पिकअप पाण्यात उतरली. चर्र नाही, वाफ नाही. म्हातारे जरा हिरमुसले. "यंदा फुरफुरला नाई."

"मानसाळला आता," मेहुणा म्हणाला आणि त्यानं टायर घासायला घेतलं.

तोरणाखाली आम्ही उशिरा पोचलो. रांगेतल्या खऱ्या बैलांनी आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना सासूबाईंनी बायकोच्या मांडीवर कढीचा डबा दिला. झाकण यंदाही सैलच होतं. पांढरकवडा जवळ आलं, तो उतार आला. मी गिअर खाली टाकला आणि ब्रेक दाबला. स्टिअरिंग गप्प. काचा गप्प. मी डावीकडे पाहिलं नाही, डब्याच्या झाकणाकडे पाहिलं. गाडी रस्त्याच्या कडेला अलगद उभी राहिली.

"काहून थांबवली?" बायकोनं विचारलं.

"गेल्या वर्षी तू इथंच उतरली होतीस."

तिनं बाहेर पाहिलं, मग आरशात पाहिलं.

"मंग काय इथं आता दगड रोवता? चला लवकर. मागून एसटी येऊन राह्यली. पुढं गेली तं यवतमाळपर्यंत तिचा धूर खा लागन."

मी गाडी पुढे काढली. तिनं झाकण उघडून बोटानं कढीची चव घेतली आणि म्हणाली, मीठ कमी आहे.